पदवी हातात, पण रिपोर्ट वाचता येतो का?

घरात रक्ताचा रिपोर्ट आला, की तो सगळ्यात आधी कुणाच्या हातात जातो? डॉक्टरांच्या? छे! तो जातो घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाच्या किंवा मुलीच्या हातात. "तू शिकलीस ना, बघ बरं काय लिहिलंय," असं म्हणत आई पदराला हात पुसत पुढे येते. आजी चष्मा नसतानाही डोकावते. मुलगी इंग्रजी अक्षरांवरून नजर फिरवते आणि म्हणते, "काही नाही गं, नॉर्मल असेल." रिपोर्ट कपाटात साड्यांच्या घडीखाली जातो आणि विषय संपतो!

मैत्रिणींनो, आपल्या नेवाशासारख्या गावात हे घराघरातलं चित्र आहे. कॉलेजात जाणारं मूल हे आपल्याकडे घरचं अर्धं डॉक्टरच असतं. आजोबांच्या बीपीच्या गोळ्या मेडिकलमधून तेच आणतं. कुठली गोळी सकाळी आणि कुठली रात्री, हे तेच सांगतं. मोबाइलवर दुखण्याचं नाव घालून तेच शोधतं. आईला नगरला किंवा संभाजीनगरला मोठ्या दवाखान्यात न्यायची वेळ आली, तर खिडकीवर चौकशी करायला पुढे तेच होतं. म्हणजे घरातल्या पाच-सहा माणसांचा जीव कळत नकळत एकोणीस-वीस वर्षांच्या पोराच्या भरवशावर असतो. आणि त्या पोराला हे सगळं शिकवलंय कुणी? कला शाखेला गेलं की शरीराशी संबंध दहावीच्या विज्ञानातच संपतो. वाणिज्य शाखेचंही तेच. आपण मात्र समजून चालतो, की शिकलेल्याला सगळं कळतं.

आमच्या महिला मंडळाच्या आम्ही चौघीजणी गेली काही वर्षं कॉलेजच्या मुलामुलींशी आरोग्यावर गप्पा मारायला जातो. मी काही डॉक्टर नाही, साधी बी. ए. झालेली गृहिणी. म्हणूनच कदाचित मुलं मोकळं बोलतात. एकदा राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात श्रमदान करताना तृतीय वर्ष वाणिज्यची एक मुलगी चक्कर येऊन खाली बसली. चेहरा पांढराफटक. पाणी दिलं, सावलीत नेलं. विचारता विचारता कळलं, की सहा महिन्यांपूर्वी कॉलेजात रक्ततपासणी झाली होती. रिपोर्ट? तो तिच्या बॅगेतच होता, चार घड्या घातलेला! हिमोग्लोबिन ७.४.

मी म्हटलं, "अगं, हे वाचलं नाहीस?" तर म्हणाली, "वाचलं ना काकू, पण ७.४ म्हणजे चांगलं की वाईट, ते कुठं कळतंय?" शेजारच्याच रकान्यात किती असायला हवं ते छापलेलं होतं. ताळेबंदातली एका रुपयाची चूक शोधणारी ही पोर, पण स्वतःच्या रक्ताचा ताळेबंद तिला वाचता आला नव्हता. पाळी दर महिन्याला नऊ-दहा दिवस चालते, हेही तिने त्या दिवशी पहिल्यांदाच कुणाला तरी सांगितलं. "आमच्या घरात सगळ्यांचंच असं असतं," हे वर!

पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या बाईचं हिमोग्लोबिन, ती गरोदर नसेल तर, १२ च्या खाली गेलं की त्याला रक्तक्षय म्हणतात. ८ च्या खाली गेलं की तो गंभीर. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या या वयाच्या ५४.२ टक्के बायका रक्तक्षयाच्या निघाल्या. त्याआधीच्या २०१५-१६ च्या फेरीत हाच आकडा ४८ टक्के होता. म्हणजे मधल्या काळात मुली जास्त शिकल्या, मोबाइल घरोघरी आले, आणि रक्त मात्र कमीच झालं! वर्गातल्या बाकावर दोन मुली बसल्या असतील, तर त्यातली एक यात मोडते असं धरून चालावं, इतकं हे सर्रास आहे. त्या मुलीला सरकारी दवाखान्यात नेलं, उपचार सुरू झाले आणि काही महिन्यांत ती अकराच्या वर आली. पण ती चक्कर आली नसती, तर? तो रिपोर्ट लग्नापर्यंत, पहिल्या बाळंतपणापर्यंत तसाच बॅगेत राहिला असता. आणि बाळंतपणात रक्त कमी असणं म्हणजे काय, हे आपल्यातल्या अनेकींनी जवळून पाहिलेलं आहे.

डॉक्टर व्हायचं नाही, शहाणं व्हायचंय

अलीकडे याला 'आरोग्य साक्षरता' असं नाव आहे. शब्द जड वाटला तरी गोष्ट सोपी आहे. आरोग्याची माहिती शोधता यावी, ती समजावी, खरी की खोटी ते पारखता यावं आणि वेळेला वापरता यावी. या चार पायऱ्या. आपली मुलं पहिल्या पायरीवर एकदम पटाईत! मोबाइलवर दोन मिनिटांत शंभर उपाय काढून दाखवतील. अडतं ते पुढच्या तिन्ही पायऱ्यांवर.

गावातल्या एका ज्येष्ठ गुरुजींनी मला विचारलं होतं, "ताई, अर्धवट ज्ञानाने मुलं घरीच डॉक्टरकी करायला लागली तर?" शंका रास्त आहे. पण खरं सांगू का, घरची डॉक्टरकी आजही चालूच आहे, आणि ती अज्ञानातून चालली आहे. सर्दीची एक गोळी आणि वर तापाची दुसरी गोळी, असं आपण सर्रास घेतो. दोन्ही पाकिटांवरची बारीक अक्षरं वाचली तर कळतं, की पॅरासिटामॉल हे एकच औषध दोन्हीत आहे. नावं वेगळी, रंग वेगळे, औषध तेच! त्याचा डोस फार वाढला तर यकृताला इजा होते. वाचता येणारं मूल इथे डॉक्टरकी करत नाही, ते फक्त विचारतं, "दोन्ही एकदम चालतील का?" हा प्रश्न विचारता येणं म्हणजेच आरोग्य साक्षरता.

आणि एक उदाहरण सांगते. द्वितीय वर्ष कला शाखेच्या एका मुलाच्या वडिलांचं सकाळी चहा पिताना तोंड वाकडं झालं, कप हातातून सुटला. घरातले म्हणाले, "अंगावरून वारं गेलं." कुणी तेल कोमट करायला घेतलं, कुणी अमुक गावच्या जाणत्याचं नाव काढलं. हा मुलगा आमच्या गप्पांच्या तासाला बसलेला. त्याने वडिलांना हसायला सांगितलं, दोन्ही हात वर करायला सांगितले, एक वाक्य बोलायला सांगितलं. तिन्ही नीट जमेना. त्याला आठवलं, हा मेंदूचा झटका आहे आणि रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत मिळालं तरच उपयोग. त्याने घड्याळात वेळ पाहून ठेवली, घरच्यांशी वाद न घालता गाडी बोलावली आणि वडिलांना थेट मोठ्या दवाखान्यात नेलं. आज ते काठी घेऊन का होईना, शेतावर चक्कर मारतात. हा मुलगा इतिहास शिकतो! जीवशास्त्राचं पुस्तक त्याने कॉलेजात उघडलेलंही नाही.

गणिताचे प्राध्यापक आणि जामखेडच्या बाया

आरोग्याचं ज्ञान हे फक्त डॉक्टरांचं, असं म्हणणाऱ्यांनी आपल्याच महाराष्ट्राकडे बघावं. र. धों. कर्वे हे गणिताचे प्राध्यापक, मुंबईच्या विल्सन कॉलेजात शिकवणारे. वैद्यकीय पदवी नाही. पण त्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचा सल्ला देणारं केंद्र काढलं. या कामापायी प्राध्यापकी गेली तरी मागे हटले नाहीत. जुलै १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' हे मासिक सुरू केलं आणि १९५३ साली मृत्यू होईपर्यंत चालवलं. अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले होते. एका गणिताच्या माणसाने बायकांच्या शरीराबद्दल मराठीत स्पष्ट लिहिलं, तेही शंभर वर्षांपूर्वी!

दुसरं उदाहरण तर आपल्याच जिल्ह्यातलं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या पती-पत्नींनी १९७० साली जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. त्यांनी गावोगावच्या बायका निवडल्या. कित्येक निरक्षर, कित्येक दलित आणि गरीब घरांतल्या. या बाया जामखेडला येऊन शिकायच्या आणि गावात परत जाऊन शिकवायच्या. बाळाचं वजन कसं घ्यायचं, स्वच्छ बाळंतपण कसं करायचं, जुलाब लागलेल्या लेकराला मीठ-साखरेचं पाणी कसं पाजायचं, क्षयाची आणि कुष्ठरोगाची लक्षणं कशी ओळखायची... हे सगळं त्यांनी पाटी-पुस्तकाशिवाय आत्मसात केलं. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि जगभरातून माणसं जामखेड बघायला येऊ लागली. तिथल्याच एक ग्राम आरोग्य सेविका मुक्ताबाई पोळ १९८८ साली अमेरिकेत वॉशिंग्टनच्या परिषदेत बोलल्या. मोठ्या दवाखान्यांना त्यांनी छताच्या झुंबराची उपमा दिली आणि स्वतःसारख्या बायांना साध्या दिव्याची. झुंबर देखणं पण महागडं, दिवा मात्र दुसऱ्या दिव्याला पेटवतो, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता.

मला दर वेळी वाटतं, अक्षरओळख नसलेल्या बाईला जे जमलं, ते पंधरा वर्षं शिकलेल्या आपल्या मुलीला का जमू नये?

तिसरं उदाहरण गडचिरोलीचं. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी तिथल्या दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली. १९८९ साली 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष आले. ९२ टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग होता, आणि त्याआधी तशी तपासणी झालेल्या होत्या अवघ्या ८ टक्के! बाकीच्या मुकाट्याने सोसत होत्या. पुढे राणीताईंनी तरुण मुलामुलींसाठी 'तारुण्यभान' ही शिबिरं सुरू केली. मुलं-मुली एकत्र बसून शरीराबद्दल, पाळीबद्दल, नात्यांबद्दल न लाजता बोलतात. सोसण्याची परंपरा मोडायची तर ती लग्नाआधीच, कॉलेजच्या वयातच मोडायला हवी, हे त्यामागचं शहाणपण.

प्रत्येक शाखेला काहीतरी येतंच

आमच्या गप्पांच्या तासाला आम्ही भाषण करत नाही. मुलांना घरून तीन गोष्टी आणायला सांगतो. औषधाचं एक रिकामं पाकीट, नाव झाकलेला एखादा जुना रिपोर्ट आणि मोबाइलवर आलेला आरोग्याचा एक संदेश. मग गंमत सुरू होते.

गणिताच्या आणि वाणिज्यच्या मुलांना आम्ही सलाइनचा हिशेब घालतो. "अशक्तपणा आलाय, एक बाटली लावा," हे आपल्याकडचं लाडकं वाक्य. अर्ध्या लिटरच्या साध्या सलाइनमध्ये असतं काय? साडेचार ग्रॅम मीठ, म्हणजे जेमतेम चमचाभर. ग्लुकोजच्या नेहमीच्या पाच टक्क्यांच्या बाटलीत असते २५ ग्रॅम साखर, म्हणजे चहाचे पाच-सहा चमचे. एका बाजरीच्या भाकरीत याहून जास्त ताकद आहे! जुलाब-उलट्यांनी शरीर सुकलं असेल, रक्तदाब घसरला असेल, तर हीच बाटली जीव वाचवते. पण थकवा घालवायला म्हणून ती लावून घेणं म्हणजे शेकडो रुपयांना मीठ-पाणी विकत घेणं. हा हिशेब फळ्यावर मांडला, की मुलांचे डोळे मोठे होतात.

मराठीच्या मुलांना आम्ही औषधाच्या घडीतला इंग्रजी मजकूर आजीला कळेल अशा मराठीत लिहायला देतो. ही परीक्षेतल्या भाषांतरापेक्षा कठीण परीक्षा! इतिहासाच्या मुलांना विचारतो, हा मोबाइलवरचा संदेश मूळ कुणाचा, कधीचा, त्याला पुरावा काय? साधनं तपासणं हे तर त्यांचं कामच. संदेश देणारा शेवटी काही विकतोय का आणि डॉक्टरांकडे कधी जायचं हे तो सांगतोय का, एवढे दोन प्रश्न विचारले तरी निम्मे संदेश तिथेच गळून पडतात.

मुलींच्या तासाला आणखी काही पाकिटं निघतात. गोरं करणारी क्रीम, जिच्यात स्टिरॉइड असतं आणि जी महिनोन् महिने लावली तर कातडी पातळ, लालसर होते, केस उगवतात, मुरुम वाढतात. ती चेहऱ्याच्या क्रीमच्या नावाखाली मैत्रिणीकडून मैत्रिणीकडे जाते. दुसरं पाकीट पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्यांचं. घरात सत्यनारायण, गावात यात्रा, चुलतबहिणीचं लग्न, की आईच मेडिकलमधून मागवते. डॉक्टरांना न विचारता! ज्यांना रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका आहे, त्यांना या गोळ्या घातक ठरू शकतात. मैत्रिणींनो, इथे प्रश्न मुलींच्या साक्षरतेचा नाही, आपल्या आहे. देवाला चालत नाही म्हणून लेकीच्या शरीराशी असा खेळ करायचा का, हे आपणच ठरवायचं.

नेवाशाने तरी मागे राहू नये

शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरांनी याच गावात बसून गीतेतलं ज्ञान मराठीत आणलं. सच्चिदानंदबाबांनी ते लिहून घेतलं. तो पैसाचा खांब आपण रोज येता-जाता पाहतो. मोजक्या लोकांच्या भाषेत अडकलेलं ज्ञान सगळ्यांच्या ओट्यावर आणून ठेवण्याची आपल्या गावाची ही परंपरा आहे. आज संस्कृतच्या जागी रिपोर्टातलं इंग्रजी आहे, एवढाच फरक. मग आपल्या मुलांनी तो रिपोर्ट घरच्या मराठीत सांगावा, ही अपेक्षा काही जास्त नाही.

सोय नाही, असंही म्हणता येणार नाही. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून आहे. दोन वर्षांत २४० तास काम आणि सात दिवसांचं शिबिर त्यात असतं. त्यातले दहा तास जरी आरोग्य साक्षरतेला दिले तरी पुष्कळ. नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रातल्या पदवी अभ्यासक्रमाचा जो आराखडा झाला, त्यात सहशैक्षणिक विषयांमध्ये आरोग्य आणि स्वास्थ्य हा विषय आहे, त्याला श्रेयांकही आहेत. तो नुसता वही भरून सही घेण्यापुरता उरू नये, एवढंच प्राचार्यांना आणि प्राध्यापकांना हात जोडून सांगणं. जवळच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना, नर्सताईंना, आशाताईंना वर्गात बोलवा. पाकिटं, रिपोर्ट हातात घेऊन शिकवा. आणि मुलांनाही बसवा, फक्त मुलींना नको. उद्या बायकोचा, आईचा रिपोर्ट त्यांच्याही हातात येणार आहे.

आणि आपण आयांनी काय करायचं? "कळतंय का गं तुला यातलं?" असं हिणवून न विचारता, रिपोर्ट घेऊन तिच्या शेजारी बसायचं. न कळलेला शब्द डॉक्टरांना विचारायला तिला धीर द्यायचा. दवाखान्यात गेल्यावर "गप्प बैस, डॉक्टर चिडतील," असं म्हणून तिचा हात दाबायचा नाही. आणि तिने "आई, तुझंही हिमोग्लोबिन तपासू या," असं म्हटलं, तर कामाचा बहाणा न सांगता दंड पुढे करायचा!

एवढं तरी ठाऊक हवं

रिपोर्ट : आपला आकडा आणि शेजारी छापलेला योग्य आकडा ताडून बघा. फरक असेल तर डॉक्टरांना दाखवा. जुने रिपोर्ट एका फायलीत ठेवा.

औषधाचं पाकीट : औषधाचं मूळ नाव आणि मुदत वाचा. पाकिटावर उभी लाल रेघ असेल तर ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही. साध्या सर्दीवर अँटिबायोटिक चालत नाही.

जुलाब : एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ (चमचा चहाचा). थोडं थोडं पाजत राहा.

साप चावला तर : उसाच्या रानात हे होतंच. माणसाला धीर द्या, चावलेला भाग हलू देऊ नका, अंगठी-बांगड्या काढा. कापू नका, करकचून बांधू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. थेट दवाखाना.

कुत्रं चावलं तर : जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा. मिरची, हळद, चुना लावू नका. त्याच दिवशी लस सुरू करा आणि ठरलेले सगळे डोस पुरे करा.

खोकला : दोन आठवड्यांहून जास्त राहिला तर सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी करा, ती मोफत असते.

फोन नंबर : तातडीच्या रुग्णवाहिकेसाठी १०८. परीक्षेचा ताण, उदासी, नको ते विचार यासाठी टेलिमानस १४४१६. ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून मोफत सुरू आहे आणि मराठीतूनही बोलता येतं.

हे कात्रण कापून फ्रिजवर नाही तर देवघराशेजारी लावा. आणि आज संध्याकाळी लेकीला किंवा लेकाला ते मोठ्याने वाचून दाखवायला सांगा.